ठेकेदाराचं दोन पावसाळे झेललेलं काम बघा

बाथरूमचं काम काढलं की प्रत्येक ठेकेदार मोबाइलवर चकचकीत फोटो दाखवतो, पण गळती फोटोत दिसत नाही. त्यामुळे किमान दोन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता मागा आणि त्या घरमालकांना विचारून स्वतः जाऊन या. दहा मिनिटं पुरतात.

१. नाण्याने टाइल्सवर ठोका, कोपऱ्यांवर तर नक्कीच. बद्द आवाज आला तर टाइलखाली माल नीट भरलेला नाही.

२. दाराजवळ मगभर पाणी ओता. ते जाळीकडे धावलं पाहिजे. मध्येच साचलं, तर उतार चुकला.

३. जमलं तर खालच्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांचं छत बघा. मला सगळ्यात खरी साक्ष हीच वाटते. पोपडे किंवा पिवळट डाग दिसले तर ते कधीपासून आहेत, तेही विचारा.

निघताना मालकांना एकच प्रश्न: "पैसे चुकते झाल्यावर काही बिघडलं, तेव्हा माणूस किती दिवसांनी आला?" उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेही लक्षात ठेवा.

असा एकही जुना पत्ता जो देत नाही, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असो, मी बाजूला ठेवते.

एक काळजी मात्र घ्या. जुनं काम चांगलं असलं तरी गवंडी बदललेले असू शकतात. म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर पूर्ण सुकल्यावर, टाइल्स बसवण्याआधी 48 तास पाणी तुंबवून तपासायचं आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे द्यायचे, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.