बोयाखालचा कोर्स

एप्रिल संपता संपता तळ्यावरचा बर्फ जातो आणि आमच्या वॉटर स्की क्लबच्या ग्रुपवर निरोप येतो : शनिवारी सकाळी आठला, वेटसूट, हातमोजे आणि गॉगल घेऊन या. नव्या माणसाला वाटतं, चला, स्की सुरू. मलाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या, उत्तरेला आमचं तळं आहे. तिथल्या पहिल्या शनिवारी मी स्कीला हातही लावला नाही. हाडं गोठवणाऱ्या पाण्यात कमरेइतकी उभी राहून रबरी नळ्यांना गाठी मारत होते. त्याला सात उन्हाळे झाले. दरवर्षी क्लबात कुणी ना कुणी नवं येतं, अलीकडे दोन मराठी कुटुंबंही आली आहेत, आणि प्रश्न तेच असतात. म्हणून स्कीचा कोर्स कसा असतो आणि तो कसा सांभाळायचा, हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

वॉटर स्की, म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरत जाणं, जन्मली तीही याच राज्यात. १९२२ साली लेक सिटी गावाजवळ, लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लाकडी फळ्या पायांना बांधून बोटीमागे उभा राहिला. आम्ही खेळतो तो त्यातला स्लॅलम हा प्रकार.

स्लॅलमचा कोर्स म्हणजे पाण्यावर आखलेलं मैदान. फाटक म्हणजे बोयांची, पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांची, जोडी. पहिल्या फाटकापासून शेवटच्या फाटकापर्यंत २५९ मीटर. बोट मधून, बोयांच्या जोड्यांमधून, सरळ जाते. मागचा खेळाडू मात्र आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, असा सहा बोयांना बाहेरून वळसा घालतो. हे सहा बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतात. दोन्ही टोकांना, फाटकाच्या ५५ मीटर बाहेर, बोट रेषेत आणण्यासाठी आणखी एकेक जोडी असते. सगळे मिळून २६ बोये. क्लबात सगळे त्यांना ‘बॉल’च म्हणतात.

खेळाडूला ओढणारा दोर सुरुवातीला १८.२५ मीटरचा असतो. सहाही बॉल जमले आणि बोट कमाल वेगावर पोचली, की मग दोर आखडत जातो : १६, १४.२५, १३, १२, ११.२५. इथे जरा थांबा. बॉल ११.५ मीटरवर आणि दोर ११.२५ मीटरचा, म्हणजे दोर बॉलपर्यंत पोचतच नाही. पुढचं अंतर खेळाडू स्वतःचं अंग आणि हात ताणून भरून काढतो, तेही बोट ताशी ५८ किलोमीटरने धावत असताना. त्या वेगाला सगळा कोर्स सोळा सेकंदांत संपतो. तिथे एखादा बॉल वीतभर सरकलेला असेल तर सगळा हिशेब चुकतो. नव्या माणसाला, लांब दोरावर, ही वीतभर चूक जाणवणारही नाही. पण आपल्यानंतर त्याच कोर्सवर जो उतरणार आहे, त्याला ती जाणवते.

आता पाण्याखाली काय आहे ते बघू. तळ्यात दोन्ही टोकांना नांगर, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली स्टेनलेस स्टीलची तार. दोर वापरत नाहीत कारण दोर ताणाखाली लांबतो, आणि मग मापं फसतात. ठरावीक अंतरावर तारेला आडवे पाइप जोडलेले असतात. पाइपांच्या टोकांना पाण्याखालीच राहणारे छोटे बोये, आणि तिथून रबरी नळी वर येऊन दिसणाऱ्या बॉलला बांधलेली. या नळीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. खेळाडू बॉलवर आदळला तर ती ताणली जाते आणि बॉल बाजूला होतो. पाऊस पडून पाणी थोडं चढलं तरी तीच सांभाळून घेते. आणि बोटीच्या पंख्यात काही अडकलंच, तर आधी ती तुटते आणि पाइप वाचतो. ती कमकुवत ठेवलेली आहे, मुद्दाम. काही जण हौसेने तिथे जाड नायलॉनची दोरी बांधतात, म्हणजे पुन्हा तुटायला नको. कृपा करून तसं करू नका. एका नळीची बचत करताना पूर्ण आडवा पाइप वाकतो.

रबर उन्हाने कडक होतं. वरून चांगलं दिसलं तरी आम्ही दर वसंतात सगळ्याच नळ्या बदलतो. बॉलही टणक फुगवायचे नाहीत. आत थोडं पाणी, बाकी हवा, अंगठ्याने दाबला तर दबला पाहिजे. टणक बॉलवर स्की चढली की माणूस उडतो.

कोर्स कोण मोडतं? पहिली दोन वर्षं मला खात्री होती : गळ टाकून बसणारे लोक, पाँटून बोटी (सपाट डेकच्या, सहलीच्या) आणि जेट स्कीवाली पोरं. मग बोटीतली नोंदवही नीट चाळली, तर निम्म्याहून जास्त नोंदी आमच्याच होत्या. खेळाडू पडला की चालक झटकन बोट वळवतो, आणि बोट बॉलवरून जाते. तसं करायचं नाही. आधी वेग पूर्ण उतरवायचा, लाट निवू द्यायची, मग हळू वळून खेळाडूकडे जायचं. पाणी उतरलेलं असेल तेव्हा तर मधली वाट सोडून बॉलकडे बोट न्यायचीच नाही, खाली पाइप आहेत. आणि कोर्सच्या आसपास नांगर कधीच टाकायचा नाही. तारेत अडकलेला नांगर ओढला की सगळी रेषा तिरकी होते.

पण या सगळ्याहून मोठी चूक मी केली. पहिल्याच उन्हाळ्यात, संध्याकाळी, पडताना दोराची मूठ माझ्या हातून सुटून चौथ्या बॉलला अडकली आणि बॉल निघून आला. अंधार पडत होता. उद्या बघू म्हणून मी तो बोटीत टाकला, ग्रुपवर काही लिहिलं नाही, वहीतही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एक सभासद चौथ्या बॉलकडे वळले, बॉल जागेवर नाही, नजर शोधत राहिली आणि ते जोरात आपटले. खांदा दुखावला, पुढचे सहा आठवडे ते पाण्यात उतरले नाहीत. मी जाऊन माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, “तुटतं ते तुटू दे, पण सांग.” तेव्हापासून तुटलेल्या बॉलचा क्रमांक मी बोट धक्क्याला लागण्याआधी ग्रुपवर टाकते. तुम्हीही तेच करा. कुणी रागावत नाही.

तळं सार्वजनिक आहे, हे डोक्यात ठेवावं लागतं. कोर्ससाठी शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीस प्रमुखाच्या, कचेरीतून परवाना घेतो. पण काठावरच्या घरांची तक्रार वाढली तर तो किती दिवस टिकेल? म्हणून आम्ही पहाटे, पाणी आरशासारखं असताना, दोन-तीन तास खेळतो, आणि संध्याकाळ शक्यतो मासे धरणाऱ्यांना सोडतो. बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर कोर्सचा नकाशा लावला आहे. लून पक्ष्याचं घरटं असेल त्या किनाऱ्याच्या बाजूने बोट वळवत नाही. झेब्रा शिंपले तारेला आणि बोयांना चिकटतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे त्यासाठी. आणि एका तळ्यातलं सामान तसंच ओलं उचलून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका, ही कीड अशीच पसरते.

पाण्यात माणूस काम करत असेल तेव्हा इंजिन बंद, आणि किल्ली बोटीबाहेर. एकट्याने कधीच उतरायचं नाही. मी सांगलीत, पाठीला डबा बांधून, कृष्णेत पोहायला शिकले. तिथे घाटावर बघणारं माणूस नेहमी असायचं. इथेही असू द्या.

ऑक्टोबरात उलटं काम. इथे बर्फ हातभर जाड होतो, आणि त्यात जे गोठतं ते वसंतात बर्फ सरकला की त्याच्याबरोबर ओढलं जातं. म्हणून वरचे बॉल काढून, नळ्या सोडून, सगळा सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बर्फाच्या बराच खाली बसवतो. तारेच्या एका टोकाला वर ओढायचा दोर असतो. त्याची जागा आम्ही फोनच्या जीपीएसवर घेतोच, शिवाय काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून वहीत लिहितो. एका वर्षी ती ओळ लिहायची राहिली, आणि वसंतात फोनवरची जागा पाचेक मीटर इकडेतिकडे निघाली. पाणी गढूळ, हात दिसत नव्हता. मला आजोळच्या विहिरीतला गळ आठवला, पडलेली घागर काढायचा, चार आकड्यांचा. तसलाच एक लोखंडी गळ बोटीतून हळूहळू ओढत तार शोधली. दोन शनिवार गेले. तो गळ आता क्लबच्या शेडमध्ये टांगलेला असतो, दारातून शिरताच डावीकडे. त्याच्याखालच्या पेटीत नळ्या, क्लिपा, चाकू आणि चार जादा बॉल आहेत. पेटीतलं शेवटचं काही काढलंत तर झाकणावरच्या कागदावर लिहा.