‘छापण्याआधी दाखवते’ : मुलाखतीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मासिकांसाठी प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलाखती घ्यायला लागून मला अकरा वर्षं झाली. प्रश्न कसे काढावेत, रेकॉर्डर कुठे ठेवावा हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल. माझं पहिलं मोठं काम तिथेच बुडालं, आणि अंक छपाईला जायच्या रात्री ते मला अजून आठवतं.

आधी वेळेचं गणित. मासिकाच्या मुखपृष्ठावर कोण असणार हे अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन महिने आधी ठरतं. ते एकटे संपादक ठरवत नाहीत. कोणाचा सिनेमा, नाटक किंवा अल्बम कधी येतोय, त्या सुमारास ती व्यक्ती कोणाकोणाला वेळ देणार आहे, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या मासिकावर तोच चेहरा झळकणार नाही ना, या तिन्हींची सांगड बसली की नाव पक्कं होतं. बोलणी बहुधा पब्लिसिस्टशी, म्हणजे त्या व्यक्तीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्याशी होतात, व्यक्तीशी नाही. फोटोशूटला अख्खा दिवस मिळतो आणि तुमच्या वाट्याला पाऊण तास येतो. राग मानू नका, मुखपृष्ठ फोटोवर विकलं जातं.

शूटला मात्र जाच. आमंत्रण नसेल तर विचारून जा आणि कोपऱ्यात बसून राहा. एका अभिनेत्याचे केस बसवणं चालू असताना मी तशी बसले होते. तो आरशातून बघत हेअरड्रेसरला विचारत होता, ‘काल गणिताचा पेपर कसा गेला तिला?’ हेअरड्रेसरच्या मुलीची परीक्षा आहे हे तर त्याच्या लक्षात होतंच, काल कुठला पेपर होता हेही लक्षात होतं. नंतरच्या चाळीस मिनिटांत त्याने मला जे सांगितलं, त्यातलं निम्मं तो याआधी दहा ठिकाणी बोललेला होता. लेखाची सुरुवात मी त्या पेपरपासून केली.

मुलाखत मिळालीच नाही तरी लेख होतो, हेही लक्षात ठेवा. अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा बोलायला तयार झाला नाही, तेव्हा पत्रकार गे टलीज यांनी त्याच्या अवतीभवतीच्या माणसांशी बोलून आणि त्याला लांबून न्याहाळून लेख लिहिला. तो ‘एस्क्वायर’ या अमेरिकी मासिकाच्या एप्रिल १९६६ च्या अंकात आला आणि आजही पत्रकारितेच्या वर्गांत शिकवला जातो. त्यासाठी टलीज यांना काही महिने मिळाले होते. तुम्हाला तेवढे कोणी देणार नाही. पण नकार आला म्हणून घरी बसायचं कारण नाही.

जंकेटबद्दल, म्हणजे नव्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी पत्रकारांना बोलावून एकापाठोपाठ दिल्या जाणाऱ्या मुलाखतींबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. दहा-पंधरा मिनिटांचे स्लॉट असतात, नाहीतर राउंड टेबलला पाच-सहा पत्रकार एकाच माणसाभोवती बसलेले असतात. तिथे मासिकाची मुलाखत होत नाही, बातमीपुरती दोन वाक्यं मिळतात. नव्या माणसाने सराव म्हणून जरूर जावं, पण तिथल्या सामग्रीवर चार पानं भरायचा शब्द संपादकांना देऊ नये.

तयारीचं माझं सूत्र एकच आहे. त्या व्यक्तीच्या जुन्या मुलाखती सगळ्या वाचायच्या आणि जो किस्सा तीनदा आलाय त्यावर फुली मारायची. ‘तुमच्या आजवरच्या प्रवासाबद्दल काय सांगाल?’ हा प्रश्न कायमचा विसरा. तो विचारला की समोरच्याला कळतं, तुम्ही काही वाचून आलेला नाही. मग तो पाठ झालेलं बोलतो. मेलवर प्रश्न पाठवून उत्तरं मागवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ती उत्तरं कोणी लिहिली हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि उलटप्रश्न विचारायची सोय नसते. घाईत हा मार्ग सोपा वाटतो. पुढे त्याची सवय लागते आणि माणसासमोर बसायची भीती वाढत जाते.

आता माझी चूक सांगते. ती मी लांबवूनच सांगणार आहे, कारण अजूनही दर वर्षी कोणीतरी नवं त्याच खड्ड्यात पडताना बघते.

तेव्हा माझं तिसरं वर्ष चालू होतं. एका ज्येष्ठ अभिनेत्रीची मुलाखत चार महिने पाठपुरावा करून मिळाली. फोनच्या शेवटी तिच्या पब्लिसिस्टने सहज विचारलं, ‘छापण्याआधी एकदा दाखवाल ना?’ मी म्हणाले, ‘हो हो, दाखवते की.’ वेळ मिळाल्याच्या आनंदात होते. हे संपादकांच्या कानावर घालायला हवं असं मला वाटलंही नाही.

मुलाखत मनासारखी झाली. मध्येच कधीतरी ती स्वतःहून आवाज बसल्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल बोलायला लागली. काम बंद होतं, फोन घ्यायची भीती वाटायची, घरातल्यांशीसुद्धा ती चिठ्ठ्या लिहून बोलायची. रेकॉर्डरशेजारी तिचा चष्मा होता. बोलता बोलता ती त्याच्या काड्या उघडत होती, मिटत होती. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज अजून ऐकू येतो. हे तिने आधी कुठेच सांगितलेलं नव्हतं. लेख त्याच दीड वर्षाभोवती उभा राहिला. इंट्रो तिथला, मथळा तिथला, मुखपृष्ठावरची ओळही तिथलीच.

अंक जायच्या दोन दिवस आधी, दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी अख्खा लेख मेल केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. आवाजाबद्दलचा सगळा भाग लाल रेघ मारून काढलेला, आणि त्या जागी येणाऱ्या नव्या कामाबद्दलचे तीन परिच्छेद. ती माझ्यासमोर जे बोललीच नव्हती, ती वाक्यं अवतरणचिन्हांत तिच्या तोंडी घातलेली. खाली एक ओळ होती : ‘मंजूर प्रत सोबत जोडली आहे, हीच छापावी.’

मी मेल घेऊन संपादकांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, ‘तू कबूल काय केलं होतंस?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पब्लिसिस्ट खोटं बोलत नव्हती आणि मीही खोटं बोलत नव्हते. माझ्या ‘दाखवते’चा अर्थ ‘वाचायला देते’ एवढाच होता. तिच्या ‘दाखवाल ना’चा अर्थ होता ‘आमची मंजुरी घ्याल ना’. दोघींनी एकच क्रियापद वापरलं, दोघी खूश झालो आणि फोन ठेवला. लिहून काहीच ठेवलेलं नव्हतं.

न बोललेली वाक्यं छापायला संपादकांनी साफ नकार दिला. आवाजाचा भाग त्यांनी काढायला लावला, कारण त्यांच्या मते मी मासिकाच्या वतीने शब्द दिला होता. सहा पानांची मुलाखत तीन पानांची झाली आणि उरलेल्या जागेत फोटो मोठे केले. रात्री एक वाजता नवा मथळा लिहिला. पण मुखपृष्ठ आतल्या पानांच्या आधीच छापून झालं होतं आणि त्यावर तिच्या हरवलेल्या आवाजाची ओळ तशीच होती. वाचकांची पत्रं आली : मुखपृष्ठावर लिहिलंय ते आत कुठे आहे? ती पत्रं उघडून वाचण्याचं काम माझ्याकडेच होतं. अभिनेत्रीने स्वतः तो लेख वाचला होता का, आणि तो भाग तिला नको होता की फक्त तिच्या पब्लिसिस्टला, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर नीट समजून घ्या. ‘दाखवणं’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली मंजुरी, म्हणजे मजकूर बदलायचा आणि अडवायचा हक्क समोरच्याकडे. हा काही सरसकट वाईट प्रकार नाही. ‘पॅरिस रिव्ह्यू’ हे इंग्रजी साहित्यिक नियतकालिक १९५३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्यातल्या लेखकांच्या मुलाखती प्रसिद्ध आहेत. तिथे लेखकाला आपल्या बोलण्याचा मसुदा बघून सुधारता येतो. पण ती त्या नियतकालिकाची उघड पद्धत आहे आणि दोन्ही बाजूंना ती आधीपासून माहीत असते. माझ्या बाबतीत तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

दुसरी तपासणी. ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात फॅक्ट-चेकर लेखातल्या व्यक्तीला फोन करून एकेक तपशील पडताळतात : वर्ष बरोबर आहे का, नाव बरोबर आहे का, तुम्ही त्या दिवशी तिथे होता का. लेख मात्र हातात देत नाहीत. मला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते. यात चूक सापडते आणि लेख तुमचाच राहतो.

तिसरं म्हणजे निव्वळ सौजन्य : पानं लागल्यावर, अंक छपाईला गेल्यावर प्रत पाठवणं. यात बदल होऊच शकत नाही, आणि हे समोरच्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं.

यातलं तुम्ही काय देताय हे वेळ ठरवतानाच बोला, आणि त्याआधी संपादकांशी बोला. कारण शब्द मासिकाचा असतो, तुमच्या एकट्याचा नसतो. मी आता फोनवर अगदी हेच वाक्य बोलते : ‘तपशील आणि तुमच्या तोंडची वाक्यं मी फोनवर तपासून घेईन, पूर्ण लेख आधी पाठवत नाही, अंक निघाला की प्रत पाठवते.’ मग त्याच तासाभरात तेच वाक्य मेलने पाठवते. कोणते विषय टाळायचेत असं सांगितलं गेलं असेल तर तेही त्याच मेलमध्ये लिहिते आणि संपादकांनाही पाठवते. ‘त्या विषयावर मी विचारेन, उत्तर द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं’, असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरा.

सुरुवातीला हे वाक्य बोलताना घसा कोरडा पडतो, मला माहीत आहे. वाटतं की समोरचा आत्ताच नाही म्हणेल आणि चार महिने फुकट जातील. कधीकधी नाही म्हणतातही. माझ्या दोन मुलाखती अशा गेल्या. बाकी सगळे क्षणभर गप्प बसले आणि मग त्यांनी तारीख दिली. पब्लिसिस्टलाही आपल्या माणसाला काय सांगायचं ते स्पष्ट हवंच असतं. ते तुमचे शत्रू नाहीत. त्यांच्याशी चांगलं वागा, पण मोघम बोलू नका.

‘ऑफ द रेकॉर्ड’चं, म्हणजे छापायचं नाही या अटीवरच्या बोलण्याचंही असंच आहे. ते बोलण्याच्या आधी ठरतं. सगळं सांगून झाल्यावर कोणी ‘हे छापू नका हं’ म्हणालं तर सर्वसाधारण संकेताप्रमाणे तुम्ही बांधील नसता. तरी मी तिथेच थांबून विचारते, ‘यातलं नेमकं काय नको?’ बहुतेक वेळा एखादं नाव नको असतं. ते काढलं की बाकीचं राहतं.

मुलाखत झाल्यावर त्याच रात्री उतरवून काढायला बसा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला चार-पाच तास लागतात आणि सात-आठ हजार शब्द निघतात. त्यातले दीड-दोन हजार छापले जातात. यंत्राने उतरवलेला मजकूर शोधाशोध करायला ठीक आहे, पण शब्दांकन त्याच्यावर करू नका. माणूस कुठे थांबला, कुठे आवाज उतरला, कुठे प्रश्न टाळून हसला, हे कानांनीच कळतं. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं चालत नाही, कितीही शोभलं तरी.

शिकायचं कोणाकडून? मोठ्या नावाच्या मुलाखतकारामागे फिरू नका. त्यांना मिळणारा वेळ आणि मान तुम्हाला मिळणार नसतो, त्यामुळे त्यांच्या युक्त्या तुमच्या हातात चालत नाहीत. डेस्कवर पंधरा-वीस वर्षं बसलेला उपसंपादक धरा. कोणता मजकूर शेवटच्या रात्री कापला जातो आणि का, हे त्याला माहीत असतं. त्या रात्री एक वाजता माझ्याशेजारी बसून ज्यांनी मला नवा मथळा काढून दिला, ते असेच एक उपसंपादक होते. त्यांनी मला रागावलं नाही. फक्त विचारलं, ‘पुढच्या वेळी फोनवर काय म्हणशील, आत्ता म्हणून दाखव.’ मी वर दिलेलं वाक्य त्या रात्री त्यांच्यासमोर पाच-सहा वेळा बोलून तयार झालं.