कोरियन विद्यार्थ्यांचं इंग्रजी लेखन: या चुका टाळा

सोलच्या शाळेत शिकलेला मुलगा अवघड इंग्रजी उतारा भराभर वाचतो, पण एक पान लिहायला सांगितलं की अडतो. याचं मोठं कारण परीक्षेत आहे. कोरियात विद्यापीठ प्रवेशासाठी होणाऱ्या 'सुनुंग' परीक्षेत इंग्रजीचे 45 प्रश्न 70 मिनिटांत सोडवायचे असतात. त्यातले 17 ऐकून, उरलेले वाचून. सगळ्यांत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं. स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही, म्हणून शाळेचा आणि खासगी क्लासचा भर पर्याय ओळखण्यावरच राहतो. अशा मुलांना शिकवणाऱ्यांनी आणि स्वतः त्या मुलांनी पुढच्या गोष्टींकडे आधी बघावं.

मुद्दा शेवटी ठेवणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. कोरियन शाळेत मुलं 'गी-सुंग-जॉन-ग्यॉल' ही रचना शिकतात: सुरुवात, विस्तार, वळण, निष्कर्ष. तिचं मूळ चिनी कवितेत आहे आणि कथेला ती छान शोभते. इंग्रजी निबंध तपासणारा मात्र पहिल्याच परिच्छेदात मत शोधतो. तिसऱ्या टप्प्यावरचं वळण त्याला विषयांतर वाटतं आणि तो 'मुद्दा स्पष्ट नाही' असा शेरा मारतो. खरं तर मुद्दा असतो, शेवटच्या दोन ओळींत.

उपाय सोपा आहे. कच्चा मसुदा मुलाला सवयीप्रमाणे लिहू द्या. मग शेवटचं वाक्य उचलून सुरुवातीला ठेवा आणि प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याला आधार देतो का, हे त्यालाच तपासू द्या. जो देत नाही तो काढायचा.

'ए', 'द' आणि अनेकवचन

कोरियन भाषेत 'ए', 'द' नाहीत, आणि 'तीन पुस्तकं' म्हणतानाही पुस्तक हा शब्द बदलत नाही. म्हणून 'आय बॉट थ्री बुक' असं लिहिलं जातं. सारखं टोकलं की मूल घाबरून 'होमवर्क्स', 'इन्फॉर्मेशन्स' लिहू लागतं. नियमांची लांब यादी देऊ नका. मराठीतही 'ए', 'द' नाहीत, त्यामुळे ही अडचण आपल्याला समजायला हवी. प्रत्येक नामाला दोन प्रश्न विचारायला शिकवा: हे मोजता येतं का? नेमकं कोणतं, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का?

वाक्यांची जोडणी

'आय लाइक विंटर. बिकॉज आय कॅन स्की.' कोरियनमध्ये कारण सांगणारं वाक्य स्वतंत्र उभं राहू शकतं, म्हणून मध्ये पूर्णविराम येतो. तो काढला की काम झालं. 'ऑल्दो' लिहून पुढे पुन्हा 'बट' लिहिणं आपल्या 'जरी-तरी'सारखंच आहे. दोन्हींतला एकच शब्द ठेवायचा.

शब्दांचे चकवे

'ऑलमोस्ट पीपल' नव्हे, 'मोस्ट पीपल'. 'आय अॅम बोअरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा आहे, मला कंटाळा आलाय असं नाही. कोरियात रुळलेले 'हँडफोन' (मोबाइल), 'नोटबुक' (लॅपटॉप), 'कनिंग' (कॉपी करणं) हे शब्द इंग्रजी वाटतात, पण त्या अर्थाने इतरत्र चालतीलच असं नाही. मुलाने अशा शब्दांची स्वतःची यादी ठेवावी.

गायब कर्ता

संदर्भातून कळत असेल तर कोरियन वाक्यात कर्ता गाळतात. 'काल बर्फ पडला म्हणून शाळेत गेलो नाही' यात कोण गेलं नाही, हे कोरियन क्रियापदही सांगत नाही. इंग्रजीत लिहिताना तिथे 'आय' राहून जातो. भाषांतराच्या अॅपमुळे हा गोंधळ वाढतो. अनेक मुलं आधी कोरियनमध्ये लिहून पापागोसारख्या अॅपमध्ये टाकतात, आणि गाळलेल्या कर्त्याच्या जागी अॅप अंदाजाने 'ही', 'शी' किंवा 'इट' बसवतं. आजीबद्दलच्या परिच्छेदात मध्येच पुरुषासाठीचा इंग्रजी 'ही' येतो तो असा. अॅप वापरायचंच असेल, तर आधी मूळ कोरियन वाक्यात प्रत्येक क्रियापदाचा कर्ता लिहून घ्यावा. ते वाक्य कानाला बोजड वाटेल, तरी चालेल.