भवानीची कादंबरी लिहायचीय? आधी तिला झोपू द्या

लढवय्या बाईच्या आख्यायिकेवर अद्भुत कादंबरी लिहायची म्हटलं की सल्ल्यांची रीघ लागते. नकाशा काढा, वंशावळ मांडा, जादूचे नियम वहीत लिहा. मी हे सगळं इमानदारीत केलं. वही भरली, कादंबरी जागची हलली नाही. तुळजापूरच्या कथेवरचा माझा हा चौथा खर्डा, तेव्हा वहीतल्या नाही, पायाला टोचलेल्या गोष्टी सांगते.

कथा एकच निवडा. माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि तुळजाभवानी एकाच पुस्तकात कोंबू नका.

निवडलेली कथा चार ओळींत लिहून भिंतीला लावा. माझी अशी: कर्दम ऋषी वारले. पदरात तान्हं मूल, म्हणून अनुभूती सती न जाता मंदाकिनीकाठी तप करत राहिली. कुकूर दैत्य तिच्या वाटेला गेला, तिने धावा केला आणि देवी त्वरित आली. कुकूरने रेड्याचं रूप घेतलं, देवीने त्याला मारलं. त्वरिता, तुरजा, तुळजा.

आता खरी अडचण. माझे पहिले तीन खर्डे इथेच मेले.

देवी जिंकणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. आठ हात, त्यात शस्त्रं; समोरचा कुकूर कितीही मोठा केला तरी शेवटी रेडाच. माझी मावशी आराधीण आहे. गळ्यात कवड्यांची माळ, परडी घेऊन जोगवा मागणारी. तिला पहिला खर्डा वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, तिला कायच होणार नसंल तर भ्यायचं कशाला?" मी दुसऱ्या खर्ड्यात नवव्या प्रकरणात एका ऋषीचा शाप आणला आणि देवीची शक्ती काढून घेतली. हे कधीही करू नका. आयत्या वेळी आणलेला शाप म्हणजे लेखिकेची सोय, आणि वाचकाला ती लगेच कळते. तिसऱ्यात कुकूरला दुःखी बालपण दिलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

उत्तर मंदिरातच होतं, आणि मी लहानपणापासून ते बघत आले होते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत घोरनिद्रा, मग घटस्थापना. दसऱ्याला पालखीतून सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. म्हणजे या योद्ध्या बाईची मर्यादा पंचांगात छापलेली आहे! ती शत्रूला माहीत आहे, भक्ताला माहीत आहे, वाचकालाही माहीत आहे. शापासारखी ती नवव्या प्रकरणात उपटत नाही. पहिल्या पानावर भाद्रपद लिहा, बास, घड्याळ सुरू.

माझा कुकूर अष्टमीलाच येतो. तो मूर्ख नाही. अनुभूती धावा करते, पण जिचं नावच त्वरिता तिलाच उशीर होतो. लोककथेत "तिने धावा केला आणि देवी आली" असं एक वाक्य आहे. तुमची कादंबरी त्या "आणि"मध्ये घडते. त्या आठवड्यात तान्ह्याला कडेवर घेऊन उभी राहणारी बाई तुमची नायिका, देवी नव्हे. देवीला नायिका केलंत तर तुम्ही महात्म्य लिहाल, आणि ती आधीच चांगली लिहिलेली आहेत. शिवाय देवीच्या मनात काय चाललंय ते लिहिण्याचं धाडस मला नाही; मावशी घरात घेणार नाही.

एक इशारा: तिन्ही निद्रा सारख्या वापरू नका. घोर म्हणजे संकटाआधीची, श्रम म्हणजे जिंकल्यावरची. जिंकून थकलेल्या देवीच्या उशाशी जागत बसलेली अनुभूती हे प्रकरण मला वधाच्या प्रकरणापेक्षा जड गेलं, आणि तेच बरं उतरलं. मोहनिद्रेला मी अजून हात लावलेला नाही.

शस्त्र: तलवार देऊ नका, गोफण द्या. माळ्यावर उभं राहून ज्वारीतली पाखरं हाकणारी बाई आपल्याकडे कुणाला नवी नाही. गोफणगुंडा कधी सोडायचा हे स्वतः फिरवून शिका. मी घरामागे शिकले. पत्र्याला दोन पोचे आहेत.

काळ सांभाळा. बालाघाटाच्या डोंगरात कथा घडते म्हणून नळदुर्गचा पाणीमहाल आणू नका, तो १६१३ सालचा. ही कथा कृतयुगातली. ठेचाही नको. मिरची पोर्तुगीजांनी आणली. माझी अनुभूती दुसऱ्या खर्ड्यात मिरची कुटत होती, आता मिरं कुटते.

भाषा: "हे दुष्टा, थांब" नको. घाबरलेली बाई समासात बोलत नाही. निवेदन सरळ मराठीत ठेवा, संवादात आपल्याकडचा हेल येऊ द्या, पण प्रत्येक वाक्यात नको, नाहीतर तमाशातला सोंगाड्या वाटतो.

मग लिहा. रोज, थोडं.

खर्डा झाला की कादंबऱ्या न वाचणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. चौथ्या खर्ड्यातलं अमावस्येच्या रात्रीचं प्रकरण वाचत होते तेव्हा मावशीने हात वर करून मला थांबवलं, उठली, दाराला कडी घातली आणि येऊन म्हणाली, "हां, आता वाच."