जुन्या शैक्षणिक कर्जाची नोटीस आली? या चुका टाळा

मुलगी शिकून नोकरीला लागली, पुण्यात किंवा दुबईत संसारही थाटला, आणि एक दिवस गोव्यातल्या डिचोलीच्या घरी वकिलाचं पाकीट येतं: तीन लाखांच्या शैक्षणिक कर्जाचे सात लाख पंधरा दिवसांत भरा. वडील म्हणतात, आपण भरत होतो. बँक म्हणते, बाकी आहे. अशा वेळी कर्जापेक्षा घाईचंच नुकसान मोठं होतं, आणि ते टाळता येतं.

फोनवर कबूल होऊन ‘थोडे’ भरणं

वसुलीवाला गोड बोलतो, “बाई, सध्या दोन हजार टाका, फाईल शांत राहील.” हे दोन हजार फार महाग पडू शकतात. मुदत कायदा, १९६३ नुसार तारण नसलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला सर्वसाधारणपणे ३ वर्षं असतात. ती मुदत संपण्याआधी तुम्ही कर्ज लेखी मान्य केलंत किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद ठेवलीत, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. बँका अधूनमधून ‘बॅलन्स कन्फर्मेशन’वर, म्हणजे ‘एवढी बाकी मला मान्य आहे’ अशा कागदावर, सही घेतात ती यासाठीच. मुदत उलटून गेलेली असली, तरी ‘मी हे कर्ज फेडीन’ असं सही करून दिलंत की करार कायद्याच्या कलम २५ खाली ते वचन बंधनकारक ठरतं. ई-मेलमधली कबुलीसुद्धा कोर्टात पुढे केली जाऊ शकते.

पण ‘तीन वर्षं झाली, आता सुटलो’ असा हिशेब घरी बसून करू नका. हप्त्यांच्या कर्जात मुदत कुठून मोजायची हे करारावर आणि बँकेने सगळं कर्ज एकदम परत कधी मागितलं यावर ठरतं. शिवाय १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोविडचा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. घर किंवा जमीन गहाण असेल तर मुदत १२ वर्षांची. आणि मुदत संपली तरी कर्ज नाहीसं होत नाही, फक्त कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो. हिशेब वकिलाकडून करून घ्या.

तोवर बँकेला एकच पत्र पाठवा, स्पीड पोस्टने, पोहोच ठेवून: “नोटिशीतील रक्कम मला मान्य नाही. हे पत्र कर्जाची कबुली समजू नये. कर्जमंजुरीचे पत्र, करारनामा, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि आकारलेल्या व्याजदरांचा तपशील द्यावा.” याहून जास्त लिहू नका. नोकरी गेली, आई आजारी होती, ही कारणं खरी असली तरी या पत्रात नकोत. ‘म्हणून हप्ते राहिले’ एवढ्या वाक्यानेही कर्ज मान्य केल्यासारखं होतं.

खातेउतारा न वाचता रकमेवर भांडणं

बहुतेक वाद इथेच सुटतात किंवा अडकतात, म्हणून उतारा आला की पेन घेऊन बसा.

आधी खातं कुठलं ते बघा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत, विजया बँक वर्षभर आधी बडोदा बँकेत. जुन्या पासबुकावरचा प्रत्येक भरणा नव्या उताऱ्यात आहे का ते एकेक करून ताडून बघा. जुन्या पावत्या, चेकची अर्धुकं, वडिलांच्या पासबुकाची पानं, काहीही टाकू नका. बँक सरकारी असेल आणि उतारा देत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागा.

मग व्याज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षण चालू असेपर्यंत आणि हप्ते सुरू होईपर्यंत सरळव्याज धरलेलं आहे. तुमच्या करारात तसं आहे का बघा, आणि उताऱ्यात काय केलंय तेही. तीन लाख एकरकमी उचलले, दर १२ टक्के, काळ चार वर्षं, असं धरलं तर सरळव्याज १ लाख ४४ हजार होतं. तेच दरमहा चक्रवाढीने लावलं तर १ लाख ८३ हजारांच्या वर जातं. जवळपास ४० हजारांचा फरक, आणि पुढची सगळी वर्षं त्यावरही व्याज.

तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानातच नसते, ती म्हणजे सरकारी व्याज सवलत. २००९-१० च्या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरत होतं. तुम्ही तेव्हा मामलेदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखला दिला होता का? दिला असेल तर उताऱ्यात ती रक्कम जमा दिसायला हवी. त्याहून जुन्या, म्हणजे ३१ मार्च २००९ पूर्वीच्या कर्जांचं ३१ डिसेंबर २०१३ पर्यंतचं थकलेलं व्याज उचलण्याची घोषणा २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती. त्याबद्दलही लेखी विचारा.

समन्स परत पाठवणं

ही सगळ्यांत घातक चूक. मुलगा बोटीवर आहे, पत्ता गावचा, म्हणून आई समन्स घेत नाही किंवा घेऊन कपाटात ठेवते. घरातल्या प्रौढ माणसाने घेतलेलं समन्सही बजावलेलं धरलं जाऊ शकतं. वीस लाखांखालची प्रकरणं दिवाणी कोर्टात चालतात. तुम्ही गेला नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि त्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत करता येते. मुदतबाह्य दावासुद्धा असाच निसटून जाण्याचा धोका असतो. एकतर्फी निकाल झालाच असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी फक्त ३० दिवस असतात, समन्स रीतसर मिळालं नसेल तर निकाल कळल्यापासून. त्या दिवशीच वकील गाठा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे गोव्यात अजून पुष्कळ घरांत माहीत नाही.

सहकर्जदार वडील वारले असतील आणि मालमत्तेची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कारवाई, चालू असेल, तर वादातलं हे कर्ज वकिलाच्या कानावर घाला. वाटणी झाल्यावर देणं उघड झालं की भावंडांत तेढ येते. जामीनदार राहिलेल्या मामालाही वेळीच सांगा, कारण बँक आधी त्याच्याकडेही जाऊ शकते.

‘राइट-ऑफ’ म्हणजे माफी समजणं

नाही. बँक आपल्या वहीत कर्ज बुडीत दाखवते, तुमचं देणं तसंच राहतं.

वसुलीवाल्याचा त्रास मुकाट सोसणं

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजाऱ्यांसमोर बदनामी, धमकी हेही चालत नाही, आणि एजंटच्या वागण्याला बँक जबाबदार असते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दारात येऊन आवाज चढवला, तर वेळ, नाव, नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीचा फोन १४४४८. मात्र तोच विषय कोर्टात चालू असेल तर लोकपाल हात घालत नाही.

तोंडी तडजोडीवर पैसे भरणं

हिशेब तपासून जे खरं देणं निघेल ते जरूर मिटवा. लोकअदालत त्यासाठी चांगली जागा आहे, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. पण त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा पुन्हा वाचा. बँकेशी थेट मिटवत असाल तर मंजुरीचं पत्र आधी हातात घ्या. त्यात रक्कम, तारीख, ‘यानंतर काही बाकी नाही’ हे वाक्य, जामीनदाराची सुटका आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, काय लिहिणार हे सगळं हवं. कमी रकमेत मिटवलं की तिथे ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढे घराचं कर्ज मागताना ते आडवं येतं. शक्य असेल तर हिशेब दुरुस्त करून पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घेणं बरं.

पैसे भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, हे रिपोर्ट बनवणाऱ्या या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीची मागणी ऑनलाइन टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या खात्यात जमा व्हायला हवी.