जुन्या होम कॉम्प्युटरवर सी लिहायचंय? आधी चिप बघा, मग कंपायलर निवडा

जुन्या मशीनसाठी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत काहीतरी लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कंपायलर, म्हणजे सी चा कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, कुठला घेऊ. पण त्याआधी मशीनमध्ये चिप कुठली आहे ते बघा, कारण झेड८० आणि ६५०२ या दोन ८-बिट प्रोसेसरवर सी चं वागणं पार वेगळं असतं. सी ला स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या गोष्टी एकावर एक रचून ठेवायची मेमरीतली जागा, लागतो, फंक्शनचे आर्ग्युमेंट, लोकल व्हेरिएबल सगळं तिथंच राहतं. झेड८० चा स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकचा पत्ता धरणारा रजिस्टर, १६ बिटचा आहे, मेमरीत हवा तिथे स्टॅक ठेवता येतो. ६५०२ चा हार्डवेअर स्टॅक फक्त २५६ बाइटचा आणि तोही ठरलेल्या जागी, त्यामुळे तिथल्या कंपायलरला आपला वेगळा स्टॅक सॉफ्टवेअरने चालवावा लागतो आणि एकेका लोकल व्हेरिएबलला हात लावायचा तर जास्तीच्या इन्स्ट्रक्शन खर्ची पडतात. कमोडोर ६४, अ‍ॅपल टू, अटारी ८-बिट वाल्यांनी, म्हणजे ६५०२ च्या घराण्यातल्या चिपवाल्यांनी, हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणारे.

दुसरं ठरवायचं ते म्हणजे कंपाइल कुठे करणार, त्याच मशीनवर की आजच्या कॉम्प्युटरवर. त्याच मशीनवर करायचं असेल तर माझ्या मते सीपीएम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं झेड८० मशीन घ्या, दुसरीकडे तो त्रास घेऊ नका. तिथे दोन कंपायलर खरंच कामाचे आहेत. एक बीडीएस सी, लिओर झोलमनने १९७९ मध्ये काढलेला. हा अख्खी सोर्स फाइल मेमरीत घेतो आणि तिथंच सगळं काम उरकतो, मधल्या टेम्पररी फाइल डिस्कवर लिहीत बसत नाही, म्हणून फ्लॉपीवरसुद्धा पटकन कंपाइल होतं. सीसी कमांड चालवली की सीआरएल फाइल येते, मग सीलिंक चालवलं की चालवता येणारी कॉम फाइल तयार, बस. पण भाषा पूर्ण नाही हं, फ्लोट (दशांश संख्या) नाही, लाँग (मोठे पूर्णांक) नाही, व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच किंमत द्यायची सोय नाही, आणि लायब्ररी थोडी स्वतःच्याच चालीची आहे, त्यामुळे दुसरीकडचा कोड उचलून आणला की तो तसाच चालेल असं धरू नका. २००२ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, त्यामुळे मिळवायला अडचण नाही.

दुसरा हाय-टेक सी. हा जवळजवळ अँसी सी च, म्हणजे भाषेचं प्रमाण रूपच आहे, प्रोटोटाइप, लाँग, फ्लोट सगळं आहे आणि झेड८० साठी कोडही चांगला काढतो. पण प्रीप्रोसेसर, पार्सर, कोड जनरेटर, ऑप्टिमायझर, असेंबलर, लिंकर असे एकामागून एक वेगवेगळे प्रोग्रॅम लोड होतात, प्रत्येक जण डिस्कवर फाइल लिहितो आणि पुढचा ती वाचतो. फ्लॉपीवर हे बघत बसणं जिवावर येतं, हार्ड डिस्क किंवा रॅम डिस्क असेल तरच घ्या. आणि प्रिंटएफने फ्लोट छापायचे असतील तर फ्लोट लायब्ररी लिंक करायचा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो.

शिकायचंय की कंपायलर आतून कसा चालतो? मग स्मॉल-सी वाचा. रॉन केनने १९८० मध्ये त्याचा सोर्स डॉ. डॉब्ज जर्नल या कॉम्प्युटर मासिकात छापला होता. फक्त इंट आणि चार (char) हे दोनच डेटा टाइप, स्ट्रक्चर नाही, आउटपुट म्हणून सरळ असेंब्ली, म्हणजे चिपच्या एकेका इन्स्ट्रक्शनची यादी. त्याच्यावर मोठा प्रोग्रॅम लिहू नका, पण चार ओळींचं फंक्शन देऊन बाहेर आलेली असेंब्ली बघा, सी ची एक ओळ चिपला किती महाग पडते ते तिथे डोळ्याने दिसतं. अटारीवरचा डीप ब्लू सी याच्यावरूनच झाला, आणि अटारीच्या कीबोर्डवर महिरपी कंस नसल्यामुळे त्यात डॉलरचं चिन्ह आणि साधा कंस मिळून $( असं लिहावं लागायचं.

६५०२ साठी मात्र मी सरळ सांगतो, क्रॉस कंपायलर वापरा, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर चालून जुन्या मशीनसाठी कोड काढणारा. कमोडोर ६४ साठी त्या काळचा पॉवर सी आहे, अनुभव म्हणून एकदा करून बघा, पण १५४१ ड्राइव्हची एक डिस्क १७० केबीची आणि ड्राइव्ह संथ, एक सेमीकोलन विसरलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा आजच्या मशीनवर सीसी६५ हा क्रॉस कंपायलर टाका, त्यातल्या सीएल६५ ला टार्गेट सी६४ द्या, ऑप्टिमाइझचा ऑप्शन द्या, तयार झालेली पीआरजी फाइल व्हाइस या सी६४ ची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये चालवून बघा आणि पटलं की मगच खऱ्या मशीनवर न्या. झेडएक्स स्पेक्ट्रम या झेड८० मशीनसाठी तेच काम झेड८८डीके करतो, त्याच्या झेडसीसी ला टार्गेट झेडएक्स आणि क्रिएट-अ‍ॅप हा ऑप्शन दिला की टॅप फाइल हातात. तिथे प्रोग्रॅम शक्यतो ३२७६८ च्या वरच राहू द्या, त्याच्या खालच्या रॅमवर स्क्रीन काढणारी चिपही हक्क सांगते आणि कोड रेंगाळतो.

आता लिहायचं कसं, कारण निम्मा वेग तिथेच आहे. कमोडोर ६४ ची स्क्रीन घ्या, ४० गुणिले २५ म्हणजे १००० घरं, मेमरीत १०२४ पासून सुरू. सगळीकडे चांदणी (*) भरायची आहे. सवयीने आपण इंट आय घेतो आणि ० ते ९९९ लूप लावतो, चालतं पण भरताना चक्क दिसतं. आता आय ला अनसाइन्ड चार (unsigned char, ० ते २५५ चा एक बाइट) करा, स्टॅटिक करा म्हणजे तो स्टॅकवर जात नाही, लूप ० ते २४९ ठेवा आणि आत चार ओळी लिहा, १०२४ अधिक आय, १२७४ अधिक आय, १५२४ अधिक आय, १७७४ अधिक आय, चारही ठिकाणी ४२ टाका. चार वेळा २५० म्हणजे १००० झाले. ६५०२ चा इंडेक्स रजिस्टर ८ बिटचाच असतो, त्यामुळे आता कंपायलरला थेट इंडेक्स लावून लिहिता येतं, १६ बिटची बेरीज करत बसावं लागत नाही. फरक बघितल्यावर तुम्ही इंट काउंटर परत घेणार नाही. फक्त एक, स्क्रीन मेमरीतले कोड वेगळे असतात, चांदणी ४२ च आहे पण ए अक्षर ६५ नाही, १ आहे.

याच अनसाइन्ड चारमध्ये माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीये. लूपची अट आय २५६ पेक्षा लहान अशी लिहिली होती, आणि आय तर २५५ नंतर परत ० होतो, म्हणजे लूप संपणारच नाही. मी मात्र बग ड्रायव्हरमध्ये शोधत होतो. मशीन गप्प बसलं की आधी लूपची अट वाचा.

प्रिंटएफ टाळता येत असेल तर टाळा, एका ओळीसाठी अख्खं फॉरमॅटिंगचं यंत्र प्रोग्रॅममध्ये येऊन बसतं. सीसी६५ मध्ये कोनिओ या लायब्ररीतलं सीपुट्स वापरा, फाइल लगेच आक्रसते. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, जपून, सी६४ साठी सी चा स्टॅक नुसता सांगितला नाही तर २ केबीचाच असतो आणि भरला की शेजारच्या डेटावर चढतो, एरर वगैरे काही येत नाही, व्हेरिएबलच्या किमती आपोआप बदलायला लागतात. लिंकरकडून मॅप फाइल काढून ठेवायची सवय लावा, कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे ते एका नजरेत कळतं.

अमिगावर गेलात तर यातलं बरंचसं विसरा, तिथल्या ६८००० चिपला रजिस्टर भरपूर आहेत आणि सी तिथे मोकळेपणाने धावतो. तिथे फक्त इंट तपासा. अ‍ॅझटेक सी मध्ये इंट न सांगता १६ बिटचा असतो, लॅटिस सी मध्ये ३२ बिटचा, त्यामुळे एकाचा कोड दुसऱ्यावर नेताना जिथे साइझ महत्त्वाचा आहे तिथे सरळ शॉर्ट किंवा लाँग लिहा.