दयाळाची मादी की पिल्लू? आधी वय बघा, मग नर-मादी

माझ्या पक्षीनिरीक्षणाच्या वहीत एका जूनची नोंद आहे: ‘सोमेश्वर, दयाळ, मादी’. साफ चूक. घरी फोटो मोठा करून पाहिला, तर छातीवर तांबूस खवले होते आणि चोचीच्या कोपऱ्याला पिवळी कड. मादी कसली, घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू होतं ते! बहुतेक पिल्लं आईसारखीच दिसतात, म्हणून नर-मादीचा प्रश्न नंतरचा.

सुरुवात चोचीपासून करा. कोपऱ्यातली पिवळी, मऊ कड म्हणजे पिल्लू. ती थोडेच दिवस टिकते. पंख थरथरवत घास मागतंय एवढ्यावर मात्र जाऊ नका. विणीच्या काळात चिमणीची मादीही नरापुढे तसेच पंख थरथरवते.

मग शेपटीखालची आणि मानेची पिसं बघा. घरट्यात सगळी पिसं एकदम आणि घाईघाईने फुटतात, त्यामुळे ती विरळ, पिंजलेल्या कापसासारखी दिसतात. शेपटीची पिसंही बऱ्याचदा अरुंद नि टोकदार असतात.

पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की खरी कसोटी पंखावर. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं पहिल्या पीसगळीत अंगावरची पिसं बदलतात, पण उडायची मोठी पिसं जुनीच ठेवतात. म्हणून एकाच पंखावर ताजी, गडद पिसं आणि त्यांना लागून विटकी, तपकिरी पिसं दिसली, तर पक्षी बहुधा याच वर्षीचा. चिमणीला हे लावू नका. तिचं पिल्लू पहिल्याच खेपेला सगळी पिसं बदलतं आणि मग वय सांगता येत नाही.

आता नर-मादी. दयाळाच्या खवलेदार छातीवर मधूनमधून चकचकीत निळी-काळी पिसं फुटू लागली, की तो नर. नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायथ्याशी खडकांवर शेपटी उभारून बसणारा चिरक असेल, तर काळा नर लगेच कळतो. पण तपकिरी पक्ष्याचा गळा ठिपकेदार असेल तर ‘मादी’ लिहायची घाई नको, ते पिल्लू असू शकतं. जांभळ्या शिंजीराची गंमत वेगळीच. वीण संपली की मोठा नरही पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. रंग बदलू लागलेल्या तरुण नरालाही तशीच रेघ येते. म्हणजे रेघ दिसली की नर एवढं पक्कं, वय नाही.

हे सगळं दुर्बिणीतून नाहीतर फोटोवरून करायचं. बाजूने एक आणि शेपटीखालून एक, असे दोन फोटो बहुतेक वेळा पुरतात. पक्षी हातात धरायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने पकडायला बंदी आहे.

राहिला लालबुड्या बुलबुल. पिल्लाच्या बुडाचा लाल रंग फिका असतो, त्यावरून वय कळतं. नर-मादी मात्र दिसायला सारखेच, तेव्हा तिथे वहीतला रकाना मी सरळ कोरा सोडतो.